राक्षस दारातून जायला पाहिजे

१४ सप्टेंबर २०२५, रविवार

रात्री जेवताना थोरलीनं जाहीर केलं, "पप्पा, हॅलोविनला मी गॉडझिला होतोय. तुम्ही करून देताय." विचारणं नाही, थेट ऑर्डर. आमच्या अपार्टमेंटच्या पोरांनी ३१ ऑक्टोबरला गच्चीवर कार्यक्रम ठरवलाय. बाकीची काळं कापड आणि टोकदार टोपीवर भागवणार. हिला पोट, शेपूट, पाठीवरचे काटे, सगळं अंगभर पाहिजे. (बाहेरगावच्यांसाठी: कोल्हापूरच्या पोरी 'होतो, जातो, करतो'च म्हणतात. दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नका.)

आईनं विचारलं, "दिवाळी झाल्यावर भुताचं सोंग कशाला आणि?" सांगितलं, की आयर्लंडकडचा जुना सण आहे. सुगी संपून थंडी लागायची त्या रात्री मेलेली माणसं परत येतात असा समज, म्हणून लोक तोंडं रंगवून, सोंगं घेऊन फिरायचे. आई म्हणाली, "म्हणजे त्यांची सर्वपित्रीच की." विषय मिटला.

मी उद्यमनगरात पॅटर्न शॉपमध्ये आहे, एकोणीस वर्षं. मी लाकडाचा नमुना करतो, त्याला पॅटर्न म्हणायचं. फौंड्रीत तो मातीत दाबून काढून घेतात आणि उरलेल्या साच्यात बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओततात. फोमचा राक्षस कधी केलेला नाही.

१७ सप्टेंबर, बुधवार

आधी मूळ गॉडझिला कसा केला होता ते वाचून काढलं. सिनेमा १९५४ चा, जपानी. आत माणूस, हारुओ नाकाजिमा. पहिला पोशाख सुमारे १०० किलोचा झाला: बांबू आणि तारेचा सांगाडा, वर जाळी, कापड, रबर. माणसाला धड चालता येईना. शेवटी तो कापून तुकड्यातुकड्यांच्या शॉटला वापरला आणि दुसरा हलका केला. तालेवार कारागीर होते ते, आणि चुकले कुठं तर वजनात.

थोरलीचं वजन ४६ किलो. शाळेच्या दप्तराला वजनाच्या १० टक्क्यांचा नियम आहे. राक्षसाला १५ धरले. म्हणजे ७ किलो. वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनानं लिहून ठेवलं.

दुसरी घेण्यासारखी गोष्ट: आतला माणूस राक्षसाच्या डोळ्यांतून बघत नाही, मानेला पाडलेल्या भोकांतून बघतो. राक्षसाचं डोकं माणसाच्या डोक्याच्या वर बसतं. थोरली ५ फूट २ इंच, तर आमचा गॉडझिला सव्वासहा फूट भरेल.

२१ सप्टेंबर, रविवार

सुट्टी बघून आज सुरुवात करणार होतो. आई म्हणाली, "सर्वपित्रीला नवीन काही सुरू करायचं नाही. राक्षस तर नाहीच." मापं घेणं म्हणजे सुरुवात नव्हे, एवढं मान्य करून घेतलं.

थोरलीला माझा जुना टी-शर्ट घालून उभं केलं आणि बायकोनं तिला गळ्यापासून मांडीपर्यंत मास्किंग टेपनं गुंडाळलं. दोन थर. मग स्केचपेननं छातीची, पोटाची, कमरेची रेघ मारली आणि पाठीवरून कात्रीनं उभं चिरून तिला बाहेर काढलं. टी-शर्टासकट सालपट उभंच्या उभं निघालं. धाकटा म्हणाला, "दीदीनं कात टाकली." टेलरनं घेतलेल्या मापापेक्षा हे बरं, कारण पोक आणि खांद्याचा उतारही त्यात येतो.

घरातली दारंही मोजली. मुख्य दार ३९ इंच, खोलीचं ३३. पॅटर्नवाल्याची खोड आहे ही. पॅटर्न कितीही देखणा असला, तरी मातीतून सुटून आला नाही तर तो पॅटर्न नव्हे.

२२ सप्टेंबर, सोमवार

देवघरात घट बसले आणि मागच्या खोलीत राक्षस. बुरूड गल्लीतून वेत आणला. रात्रभर बादलीत भिजवून ठेवला की तो सांगेल तसा वळतो. कोरडा वळवायला गेलं की फाटतो.

२५ सप्टेंबर, गुरुवार

तीन कडी झाली: छातीला, पोटाला, कमरेला. सगळ्यात मोठं कमरेचं, २४ इंच रुंद. माझ्या जुन्या ट्रेकिंगच्या सॅकची ॲल्युमिनियम फ्रेम आणि पट्टे काढून कडी त्याला सुतळीनं बांधली, सुतळीवर फेविकॉल. खांद्यावर कमी आणि कंबरपट्ट्यावर जास्त भार आला पाहिजे, म्हणून सॅकच पाहिजे होती. सांगाडा १ किलो ३०० ग्रॅम. थोरली तेवढा घालून स्वयंपाकघरात गेली आणि बायको म्हणाली, "कणगी चाललीय नुसती."

२८ सप्टेंबर, रविवार

फोम. गादीवाल्याकडं कात्रण किलोवर मिळतं, पण घेताना डेन्सिटी विचारायची. ४० डेन्सिटी म्हणजे एका घनमीटरला ४० किलो. गादीला तो भारी, आपल्याला नको. १८ ची जाड कात्रणं निवडून घेतली. गादीवाल्यानं दोनदा विचारलं, "ह्यावर झोपणार कोण?"

कापायचं कशानं? शॉपमध्ये थर्माकोलचे पॅटर्न आम्ही तापलेल्या तारेनं कापतो. त्यानं हा फोम कापायचा नाही, धूर विषारी असतो. घरात तर नाहीच नाही. हॅकसॉचं मोडकं ब्लेड ग्राइंडरवर घासून सुरी केली, मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळली. लांब, पातळ, लवचिक. दाबायची नाही, नुसती ओढायची. फोम लोण्यासारखा कापला जातो.

आणि आजची घोडचूक. पोटाचा पट्टा कड्याच्या घेरावर मोजून कापला, २ इंच जाड. गुंडाळला तर बाहेरच्या बाजूला फटच फट. एक फूट कमी! क्षणभर वाटलं टेपच चुकली. मग डोक्यात उजेड पडला: २ इंच जाडीचा थर वळवला की बाहेरचा घेर आतल्यापेक्षा दोन गुणिले ३.१४ गुणिले २, म्हणजे साडेबारा इंचांनी वाढतो. आतून माप बरोबर आणि बाहेरून उघडं. बीड ओतल्यावर गार होताना आकसतं म्हणून आम्ही पॅटर्न मीटरला साधारण १० मिलिमीटर मोठा ठेवतो. भत्ता द्यायची एवढी सवय असलेला माणूस फोमला भत्ता द्यायला विसरला. शॉपमध्ये कुणाला सांगितलेलं नाही.

उपाय: पट्टा फेकला नाही. बाहेरच्या फटींत पाचरी कापून चिकटवल्या. बारा पाचरी. त्यामुळं पोटाला आपोआप वळ्या पडल्या आणि खरं सांगायचं तर तेच जास्त राक्षसी दिसतंय.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. शॉपमध्ये रंधा, बँडसॉ, लेथ सगळ्यांना हळदकुंकू, झेंडू. घरी धाकट्यानं ग्लूगन, कात्री आणि माझी ब्लेडची सुरी पाटावर मांडली. म्हणजे दसऱ्यापर्यंत काम बंद.

५ ऑक्टोबर, रविवार

डोकं. ह्यात अख्खा रविवार गेला आणि अर्धा सोमवारही जाईल.

पहिला विचार कागदाच्या लगद्याचा. बापट कॅम्पला एक ओळखीचे मूर्तिकार आहेत, त्यांच्याकडं जाऊन बसलो. त्यांनी सांगितलं, लगद्यात मेथी वाटून घाला आणि खळीत चिमूटभर मोरचूद, कीड लागत नाही. (मोरचूद पोरांच्या हाताला लागू द्यायचं नाही, विष आहे.) नुसता खालचा जबडा करून बघितला. सुंदर झाला. वजन केलं: १ किलो १०० ग्रॅम. नुसता जबडा! बाजूला ठेवला. धाकटा त्यात क्रेयॉन ठेवतोय.

मग डोकंही फोमचंच, आत सायकलचं हेल्मेट. हेल्मेटच्या वर राक्षसाचं कपाळ, पुढं थोबाड, आणि थोरलीचे डोळे बरोबर गळ्याच्या वळीत.

सगळ्यात जास्त वेळ पापणीनं खाल्ला. डोळे प्लॅस्टिकच्या चेंडूचे, अर्धे कापून. नुसते बसवले तर राक्षस घाबरल्यासारखा दिसायला लागला, एसटी चुकलेल्या माणसासारखा. मग फोमची बोटाएवढी पट्टी कापून डोळ्याच्या वर आडवी चिकटवली. अजून तसाच. नाकाकडचं टोक चार मिलिमीटर खाली ओढलं आणि फरक पडला. तो आमच्याकडं बघायला लागला. बायको दारातूनच म्हणाली, "झालं, आता हात लावू नका." चार मिलिमीटर.

परवा महाद्वारला जाताना खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभापाशी सिग्नलला थांबावं तसा थांबलो होतो, ट्रॅफिकमुळं. रोज दिसतो तो. बाबूराव पेंटरांनी ह्याच गावात स्वतःचा कॅमेरा घडवला आणि १९२० ला 'सैरंध्री' हा सिनेमा काढला. तेही मूळचे मेस्त्रीच. गाडीचा हॉर्न वाजला आणि पुढं निघालो.

११ ऑक्टोबर, शनिवार

पाठीवरचे काटे. तीन ओळी, मधली मोठी. फोमचे लोंबतात, पुठ्ठ्याचे मोडतात. सुभाषनगरात चपलांचं सामान मिळतं तिथं ईव्हीए शीट मिळाली, हवाई चपलेला असते तीच जात. हलकी, ताठ, आणि कडा ब्लेडनं कुरतडली की पानासारखी दिसते. एकूण ३१ काटे. थोरलीनं सगळे स्वतः कापले, अंगठ्याला फोड.

चिकटवायला फेविकॉल एसआर. दोन्ही बाजूंना पातळ लावायचं, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, बोटाला चिकटेनासं झालं की मगच दाबायचं. एकदा बसलं की बसलं. थोरलीनं घाईत ओलं असतानाच दाबलं, पाच काटे घसरत घसरत कमरेवर आले. वास मात्र डोकं धरतो. काम गॅलरीत हलवलं आणि शेजारच्या स्वयंपाकघरातला गॅस बंद असल्याशिवाय डबा उघडायचा नाही असा नियम केला.

१२ ऑक्टोबर, रविवार

पोटाला हातभर पोस्टर रंग लावून बघितला. वाळला. थोरलीला म्हटलं वाक. वाकली आणि पोटावर उन्हाळ्यातल्या तळ्यासारख्या भेगा. पापुद्रे जमिनीवर.

उपाय आमच्याच जिन्याखाली होता: गच्चीला मारलेलं वॉटरप्रूफिंगचं उरलेलं अर्धं डबडं. गच्चीचा स्लॅब उन्हात ताणतो, पावसात आकसतो, म्हणून ते वाळल्यावर रबरासारखं लवचिक राहतं. पांढरं होतं. त्यात काळा स्टेनर घातला, राखाडी झालं. थोरलीला हिरवा पाहिजे होता. तिला दाखवलं, की १९५४ चा पोशाख कोळशासारखा करडाच होता. "मग चालतंय."

ब्रशनं नाही, स्पंजनं ठोकत मारलं. वर मूर्तिकारांनी दिलेला काथ्या बारीक कापून ओल्यावरच चिकटवला, दुसरा हात मारला. खरखरीत, सुरकुतलेलं कातडं झालं. वाकवलं, पिळलं, एक भेग नाही. नाद खुळा.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

उद्या वसुबारस. आजपासून काम बंद, आणि राक्षस घरातून हलवला. हा फोम पेटला तर मिनिटात भडकतो. दारात पणत्या, खाली फुलबाज्या आणि गॅलरीत गॉडझिला, हे जमायचं नाही. शॉपच्या पोटमाळ्यावर चादरीत बांधून ठेवला. सकाळी वॉचमननं पहिल्यांदा बघितला तेव्हा काय म्हणाला ते इथं लिहीत नाही.

२० ऑक्टोबर, सोमवार

पहिली अंघोळ, फराळ. पोरांनी खाली पन्हाळा केलाय. धाकट्यानं मी सुरुवातीला शाडूचा केलेला वीतभर गॉडझिला तीन दरवाज्यात नेऊन उभा केला. बाकीच्या पोरांची हरकत. तह असा झाला, की तो सिद्दी जौहरच्या वेढ्यात उभा राहील, गडावर नाही.

२२ ऑक्टोबर, बुधवार

पाडवा. गवळ्यांच्या सजवलेल्या म्हशी बघायला थोरलीला मुद्दाम घेऊन गेलो. रंगवलेली शिंगं, पाठीवर नक्षी, गळ्यात घुंगरं. तो नाकाजिमा प्राणिसंग्रहालयात जाऊन जनावरं कशी चालतात ते बघत बसायचा. आमच्याकडं त्यासाठी तिकीट लागत नाही. थोरलीनं तासभर बघितलं आणि म्हणाली, "पप्पा, म्हैस पाय उचलत नाही. आधी वजन दुसऱ्या बाजूला टाकतोय आणि मग पाय आपोआप सुटतोय." म्हशीलाही 'टाकतोय'. असो. घरी येऊन पॅसेजमध्ये तशी चालून दाखवली. आई दचकली.

२६ ऑक्टोबर, रविवार

पूर्ण पोशाख, पहिली चाचणी. वजन ८ किलो ६०० ग्रॅम. लाल पेनाची रेघ ओलांडली.

चरबी कुठं आहे ते शोधलं. शेपटात. साडेचार फूट शेपूट मी भरीव केलं होतं. खालून चिरून आतला फोम कोरून काढला, आत वेताच्या चार छोट्या कड्या ठेवल्या. ८०० ग्रॅम गेले. मांड्यांतून ५००. आता ७ किलो ३००. थोरली म्हणाली चालतंय, मी म्हटलं अजून बघू, बायको म्हणाली पुरे.

शेपूट कंबरेच्या कड्याला बांधलं होतं, ते मागं ओढत होतं. सॅकच्या फ्रेमला वर पट्ट्यानं टांगलं, तर त्याच्या वजनानं पुढच्या थोबाडाचं वजन तोललं गेलं. पोरगी ताठ उभी राहिली.

पण नऊ मिनिटांत लालबुंद होऊन बाहेर आली. "मी मरतो आत." फोम म्हणजे रजईच. पॉवर बँकवर चालणारे दोन छोटे पंखे बसवले होते, दोन्ही आत हवा फेकणारे. वारा येतोय पण गरम हवा जाणार कुठं? तोंडातला पंखा तसाच ठेवला, दुसरा उलटा करून मानेच्या मागं, सगळ्यात वर बसवला, कारण ऊन हवा वरच साचते. परत चाचणी: बावीस मिनिटं. वीस मिनिटांची मर्यादा ठरवली. वीस झाली की डोकं उतरायचं, पाणी प्यायचं, वाद नाही.

गळ्याच्या खिडकीला काळी जाळी. समोरचं दिसतं, पायाखालचं काहीच नाही. त्यामुळं धाकट्याला नोकरी लागली: माहूत. शेपटाशेजारून चालायचं आणि "पायरी", "डावं", "थांब" एवढे तीनच शब्द बोलायचे.

२७ ऑक्टोबर, सोमवार

डरकाळी. मूळ आवाज संगीतकार अकिरा इफुकुबे यांनी चामड्याच्या हातमोज्याला राळ लावून डबल बास ह्या मोठ्या तंतुवाद्याच्या तारेवर घासून काढला आणि मग संथ करून वाजवला. आमच्याकडं फौंड्रीतले चामडी हातमोजे आहेत, राळ काष्ठौषधीच्या दुकानात मिळाली, डबल बास नाही. शेजारच्या मुलाच्या गिटारच्या जाड तारेवर घासलं. गंजलेल्या कडीसारखा आवाज. मोबाइलवर रेकॉर्ड करून वेग पाव केला आणि खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं.

२९ ऑक्टोबर, बुधवार

गच्चीचं दार.

घरातली सगळी दारं मोजली. जिना मोजला. गच्चीचं दार मोजलं नाही. पाणी किती आहे बघायला रात्री वर गेलो आणि दारातच हात कपाळाला लागला. रुंदी २७ इंच, उंची सहा फुटाला कमी. राक्षस कमरेत ३६ इंच, सव्वासहा फूट उंच.

उंचीचं सोपं आहे, डोकं वर जाऊन घालायचं. कंबर? फोम दाबून खोलीच्या ३३ इंचांच्या दारातून जात होता. २७ मधून नाही, काटे मोडतील.

तिथंच पायरीवर बसलो. थोड्या वेळानं स्वतःवरच हसू आलं. मातीतून सरळ उचलता येत नाही असा उंचवटा पॅटर्नला असला तर आम्ही काय करतो? तेवढा भाग लूज पीस करतो. मुख्य पॅटर्न आधी बाहेर, तुकडा मागनं काढायचा. एकोणीस वर्षं हेच करतोय.

रात्री दोन वाजेपर्यंत: दोन्ही बाजूंचे नितंब सुरीनं वेगळे केले, प्रत्येकी ५ इंच जाड. आतून मांजरपाट चिकटवला म्हणजे फोम फाटणार नाही, त्यावर वेल्क्रो. उरलेली कंबर २६ इंच. सांधा वळीत लपवला, वर काथ्या आणि रंग. ब्लेड लावताना हात थरथरत होता, दीड महिन्याचं काम.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

संध्याकाळी सात. थोरली डोक्याविना आणि नितंबांविना जिना चढली, मागं मी डोकं घेऊन, बायको दोन नितंब काखेत मारून, माहूत पुढं. तळमजल्यावरचे काका दारात उभे होते. त्यांनी काही विचारलं नाही. गच्चीचं दार: अर्धा अर्धा इंच दोन्ही बाजूंना. गेला.

टाकीमागं सगळं जोडलं. गच्चीवर मेणबत्त्या नकोत हे पोरांना आधीच सांगितलं होतं, भोपळ्यांत एलईडीच्या माळा होत्या. मोबाइलवर डरकाळी लावली आणि ती टाकीमागून निघाली. पळत नाही, हात वर करत नाही. वजन एका बाजूला, मग पाय. वजन दुसऱ्या बाजूला, मग पाय. पाडव्याची म्हैस. दोन चेटकिणी आणि एक सांगाडा आपापल्या आयांकडं पळाले. दुसऱ्या मजल्यावरचं दोन वर्षांचं पोर तेवढं जागचं हललं नाही. त्यानं पोटाच्या पाचरीत बोट घालून बघितलं.

एकोणीसाव्या मिनिटाला माहूत ओरडला, "थांब!" हा शब्द त्यानं बरोबर वापरला. एक काटा निघाला होता, तो त्यानं खिशात घातला. डोकं उतरवलं. थोरलीचे केस चिंब, तोंडभर हसू. एक बाटली पाणी एका दमात.

खाली आलो तर आई दारात, मुठीत मीठ-मोहरी आणि हातात निखाऱ्यांचं धुपाटणं. "एवढ्या लोकांनी बघितलंय, दृष्ट काढू दे." मी आणि बायको एकदमच ओरडलो, "विस्तव लांब!" मग धुपाटणं स्वयंपाकघरात गेलं, आईनं नुसती मूठ शेपटासकट तीनदा ओवाळली आणि आत जाऊन निखाऱ्यावर टाकली. तडतड बाहेरपर्यंत ऐकू आली.

२ नोव्हेंबर, रविवार

हिशेब: फोम ६८०, ईव्हीए शीट ५४०, वेत २२०, एसआर आणि वेल्क्रो ४९०, स्टेनर ६०, पंखे ३६०, चेंडू, जाळी, मास्किंग टेप, राळ मिळून ३१०. एकूण २,६६० रुपये. सॅक, हेल्मेट आणि वॉटरप्रूफिंग घरचं.

आतलं मांजरपाटाचं अस्तर काढून धुतलं. फोम उन्हात नाही, सावलीत वाळवला, उन्हानं तो पिवळा पडून भुसभुशीत होतो. डोकं कपाटावर. नितंब सध्या आईनं पाठीला घेतलेत, टीव्ही बघताना बरे पडतात म्हणते. शेपूट माळ्यावर मावत नाही. दिवाणाखाली सरकवलंय, टोक बाहेर आहे. सकाळपासून दोघं अडखळले.